कपाटाची किल्ली
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



नांदेडच्या या शाळेतून कोणी डॉक्टर झाले, कोणी इंजिनिअर. मी मास्तर झालो. लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे, त्यामुळे वर्गातलेच बोलणार.

आपले ते काचेचे कपाट आठवते? आत परीक्षानळ्या, भिंगे, लोहचुंबक, बाहेर कुलूप. आपण काचेला नाक लावून विज्ञान शिकलो. एकदाच सरांनी भिंग व्हरांड्यात आणून उन्हात कागद पेटवून दाखवला. तो एक तास अजून लख्ख आठवतो.

मला वाटायचे, मी वेगळे करीन. प्रत्यक्षात शाळेला विज्ञान पेटी मिळाली, ती मी डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवली आणि कुलूप लावले. फुटले तर भरून कोण देणार? एक दिवस एका मुलीने विचारले, “सर, त्या पेटीत काय आहे हो?” आपले कपाट डोळ्यांसमोर आले आणि मला लाज वाटली.

अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. १९७८ मध्ये टेल्कोतून रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या यांतून त्यांनी मुलांना भूमिती शिकवली. म्हणजे पेटीसुद्धा लागत नाही. अडते ते आपल्या भीतीपाशी.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या पावसाळ्यात आम्ही पर्जन्यमापक केले. पाण्याची बाटली कापली, वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला, तळाशी खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरले, बाहेरून पट्टी चिकटवली. पहिल्या पावसात एका गटाचे २० मिलिमीटर, दुसऱ्याचे १४. भांडण जुंपले. मी उत्तर सांगितले नाही. पुढच्या पावसात पोरांनी जागा बदलल्या आणि त्यांनाच कळले, कमी भरणारी बाटली लिंबाखाली होती.

मग हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या वर्गाचा पत्रा ८ बाय ५ मीटर. २० मिलिमीटरला ८०० लिटर. मागून एक पोरगा ओरडला, “सर, चार टिपाडं!” ज्यांच्या घरी टँकरची वाट पाहण्यात उन्हाळा गेला होता, त्यांना गुणाकार तेव्हा समजला. पुढे पन्हळीखाली टिपाड लागले, तेही मुलांच्याच हट्टाने.

गुरुजी, ही तक्रार नाही. त्या खुर्चीत बसल्यावर तुमची धास्ती मला कळली. आणि त्या एका भिंगाचे मोलही कळले.

मित्रांनो, एकच मागणे. गावाकडच्या शाळेला देणगी द्या, पण एक तासही द्या. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप मुलांच्या कानाला लावू द्यावा, इंजिनिअरांनी बंद पडलेला पंखा त्यांच्याकडून उघडून घ्यावा. मोडेल काहीतरी. मोडू द्या.

आमची पेटी आता उघडी असते. आतापर्यंत दोन भिंगे फुटली, रजिस्टरला तशी नोंद आहे.