संकटकाळची प्रार्थना
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी मला संकटकाळच्या प्रार्थनेविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय जुना आहे खरा. परंतु संकट हे प्रत्येक पिढीस नवेच असते, म्हणून त्याचा पुनर्विचार अस्थानी ठरू नये.

संकट आले की मनुष्य देवाकडे धावतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. भ्यालेले मूल आईकडेच धावणार. प्रश्न एवढाच की, तेथे जाऊन आपण काय करतो? पुष्कळदा आपण सौदा करतो. 'मुलाचा ताप उतरू दे, नारळाचे तोरण बांधीन; खटला जिंकू दे, अभिषेक करीन.' आपण पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणारे लोक. देवळात शिरतानाही तागडी हातात असते! परंतु दया ही विकत मिळणारी वस्तू नव्हे. तिचे मोल चुकते केले की ती दया राहत नाही, तो व्यवहार होतो.

आपल्याच व्यवसायातील एका महापुरुषाचे उदाहरण घेऊ. देहूच्या तुकोबारायांचे घराणे महाजनकीचे. वाणसौदा आणि सावकारी दोन्ही घरी होती. 1630 साली पाऊस गेला आणि दख्खन व गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांचे दिवाळे निघाले. पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. पुत्र संतूही गेला. अशा समयी त्यांनी विठ्ठलाचे चरण धरले, हे आपण सारे जाणतो.

येथे कोणी विचारील, 'त्या प्रार्थनेचे फळ काय? गेलेली माणसे तर परत आली नाहीत.' प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणे हा भक्तीचा अपमान होईल. माणसे परत आली नाहीत, गेलेला व्यापारही परत आला नाही. पालटले ते तुकोबांचे अंतःकरण. दुःखाने मनुष्य कडू तरी होतो किंवा कोमल तरी होतो. ते कोमल झाले. परंपरा सांगते की, घरातील कर्जखतांचे त्यांनी दोन भाग केले. एक धाकटे बंधू कान्होबा यांस दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. बंधूच्या हक्कास त्यांनी हात लावला नाही. परक्याच्या धनावर औदार्य करणे हे औदार्यच नव्हे. परंतु जे स्वतःचे होते, त्याची वसुली त्यांनी दुष्काळाने नागवलेल्या कुळांकडून केली नाही. जो स्वतः दयेची याचना करीत उभा आहे, त्याने दुसऱ्याच्या गळ्याभोवती फास कसा आवळावा?

हेच मला आज सांगावयाचे आहे. दयेची प्रार्थना ही दुहेरी असते. वर पसरलेला हात खाली मोकळा झाला पाहिजे.

2020 साली महामारीमुळे आषाढीची पायी वारी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास न्याव्या लागल्या. वारकऱ्यांनी घरीच बसून नामस्मरण केले. देऊळ बंद असले तरी प्रार्थना अडत नाही, हे त्या वर्षी सर्वांस दिसून आले. त्याच काळात ज्यांनी आपल्या भाडेकऱ्याचे भाडे सोडले, गिऱ्हाइकाची उधारी थांबवली, शेजाऱ्याच्या दारी शिधा पोहोचविला, त्यांचे कृत्य हेही नामस्मरणच होते, असे मी समजतो.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीतही आजारपणाने खचलेली, कर्जाने वाकलेली घरे आहेत. अशी माणसे संमेलनास येत नाहीत. संकोचाने घरीच राहतात. आज घरी जाऊन देवापुढे दिवा लावाल, तेव्हा त्यांतील एका घराचे नाव मनात आणा. उद्या सकाळी त्याच्या दाराशी जा. आणि त्याच्याकडे आपले काही येणे असेल, तर त्या दिवशी त्याचा उल्लेखही करू नका. देव दया करील की नाही, हे त्याच्या हाती आहे. आपण करावी की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.