जुन्या फिरत्या घराची डागडुजी



चौतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांच्या वह्या तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें मोटारगाडीच्या पत्र्याविषयीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. मलाही वाटतें. मोटार हांकण्याचा परवाना माझ्यापाशीं नाहीं, आणि माझें विज्ञानाचें ज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे गेलेलें नाहीं. परंतु मध्यंतरीं सहा महिने इंग्लंडांत लेस्टर येथें मुलीकडे राहण्याचा योग आला, आणि त्यांतला बहुतेक वेळ जांवयांच्या घरामागील गॅरेजमध्यें, एका पन्नाशी गांठलेल्या गाडीच्या शुश्रूषेंत गेला. तेथें जें पाहिलें, आणि तेथें माझी जी एक चूक झाली, ती आज आपणांस सांगावी असा विचार आहे.

ही गाडी म्हणजे फोक्सवॅगन या जर्मन कंपनीची, निजण्याबसण्याची व रांधण्याची सोय असलेली गाडी. तिकडे तिला कॅम्पर म्हणतात. आपण फिरतें घर म्हणूं. तिच्या जन्माची कथा गमतीची आहे. १९४७ सालच्या एप्रिलांत बेन पॉन नांवाच्या एका डच व्यापाऱ्यानें आपल्या टिपणवहींत एक चौकोनी पेटी रेखाटली: पुढें चालक, मागें इंजिन, मध्यें सामान. मार्च १९५० पासून वुल्फ्सबुर्ग येथें तशा गाड्या निघूं लागल्या. १९५६ सालीं हें काम हॅनोव्हरच्या नव्या कारखान्यांत गेलें. वेस्टफालिया नांवाच्या दुसऱ्या एका जर्मन कारखान्यानें १९५१ पासून तिच्यांत संसाराचें सामान बसविण्यास आरंभ केला. समोरची कांच दुभागलेली असा तिचा पहिला अवतार जर्मनींत १९६७ पर्यंत चालला. त्यानंतर एकसंध रुंद काचेचा दुसरा अवतार आला, तो तेथें १९७९ पर्यंत निघत होता. ब्राझीलमध्यें तर त्याच घराण्यांतील गाड्या २०१३ अखेरपर्यंत तयार झाल्या. आमची गाडी १९७३ सालची, म्हणजे दुसऱ्या अवतारांतली.

जांवयांनीं तीन वर्षें पैसा साठवून ती एका गृहस्थांकडून घेतली. खालचा भाग केशरी, वरचा पांढरा, रंग अगदीं ताजा. माझी सात वर्षांची नात तिला पाहतांच आंत चढून बसली ती जेवणासही उतरेना. उन्हाळ्याच्या सुटींत सर्वांनीं वेल्सच्या समुद्रकांठीं जावयाचें असा बेतही त्याच दिवशीं ठरला.

पुढच्या रविवारीं नात फ्रिजच्या दारावरची लोहचुंबकाची चकती घेऊन गाडीला सजवीत होती. दाराला चकती चिकटली, भिंतीला चिकटली. दाराखालच्या पट्टीला मात्र लावतांच गळून पडली. "आजोबा, ही इथें चिकटत नाहीं," ती म्हणाली. मीं हंसून सोडून दिलें. जांवई मात्र उठले. त्यांनीं स्क्रू पिळण्याचें हत्यार त्या जागीं टेकवून नुसतें दाबलें, आणि तें मुठीपर्यंत आंत गेलें. रंगाखालीं बोटभर जाडीची लांबी होती, जिला गॅरेजवाले पुटी म्हणतात. तिच्याखालीं तारेची जाळी, आणि जाळीखालीं पत्र्याच्या नांवानें लाल भुकटी.

त्या वेळीं मीं जो सल्ला दिला, तो सांगावयास आज संकोच वाटतो. मीं म्हटलें, "अहो, सैल झालें तें खरवडा, पुन्हा लांबी भरा आणि वरून रंग द्या. मुलीचा उन्हाळा कशाला बुडवितां?" जांवई कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मागच्या बैठकीजवळचें जाजम उचललें आणि मला हांक मारली, "बाबा, जरा इकडे या." नातीच्या आसनाचा पट्टा ज्या जागीं बोल्टानें बांधावयाचा, तिच्या शेजारींच तळहाताएवढें भोंक होतें, आणि त्यांतून गॅरेजची फरशी दिसत होती. त्यानंतर लांबीचें नांव मीं काढलें नाहीं.

येथें या गाडीच्या अंगरचनेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. मालमोटारीला खालीं स्वतंत्र लोखंडी सांगाडा असतो व त्यावर पेटी बसविलेली असते. पेटी कुजली तरी सांगाडा उभा राहतो. या गाडीची गोष्ट निराळी. तिची जमीन, जमिनीखालच्या तुळया, दोन्ही बाजूंचे उंबरठे आणि भिंती हें सर्व एकमेकांस सांधून एकच अंग केलेलें असतें. दाराखालचा उंबरठा म्हणजे एकामागें एक तीन पत्रे जोडून केलेली पोकळ पेटी. पत्र्याची जाडी सुमारें एक मिलिमीटर. परंतु पेटीचा आकार आला कीं त्याच पातळ पत्र्याच्या अंगीं बळ येतें. कागदाची सुरनळी उभी करून तिच्यावर पुस्तक तोलून दाखविण्याचा प्रयोग मीं वर्गांत कितीदां तरी केला आहे. सुरनळीची एक बाजू भिजली मात्र, कीं पुस्तक खालीं येतें. उंबरठ्याचें तेंच आहे.

लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं गंज धरतो. इंग्लंडांत हिंवाळ्यांत रस्त्यावर बर्फ सांचूं नये म्हणून मीठ टाकतात. चाकांनीं उडालेलें खारें पाणी सांध्यांत शिरतें आणि काम झपाट्यानें होतें. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यांत तो वाढूं लागला कीं पाचर ठोकल्याप्रमाणें सांधा फुगतो व उकलतो. छपराच्या कडेची पन्हळ, चाकांवरच्या कमानी, पुढच्या काचेची खालची कड, बॅटरीखालचा पत्रा आणि उंबरठे, या जागा आधीं जातात. अशा जागीं लांबी थापली तर रोग झांकतो, बरा होत नाहीं. लांबी ओल धरून ठेवते आणि आंतलें काम बिनबोभाट चालूं राहतें.

डागडुजीची पहिली पायरी कापण्याची नव्हे, आधार देण्याची. आंतलें सामान, गाद्या, बॅटरी व पेट्रोलची टांकी हीं सर्व प्रथम बाहेर काढलीं, कारण ठिणगी कोठें उडेल याचा नेम नसतो. सपाट जमिनीवर गाडीच्या भक्कम भागांखालीं लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही शिरूं नये. सरकत्या दरवाजाची पोकळी एवढी मोठी, कीं उंबरठा कापतांच अंग खचावयाचें. म्हणून तिच्यांत लोखंडी नळ्यांची फुली तात्पुरती सांधून घेतली. आणि नियम असा केला, कीं एका वेळीं एकच बाजू उघडावयाची.

मग कापणें. येथें मन घट्ट करावें लागतें. वीतभर कापूं म्हणून आरंभ करावा, तों हातभर कापावें लागतें. कारण चकचकीत निरोगी पत्रा लागेपर्यंत थांबतां येत नाहीं. कुजक्या कडेला नवा तुकडा सांधूं गेलें, तर ती कडच वितळून जाते. या कामीं माझा थोडा उपयोग झाला. काढलेल्या भागाचा आकार जाड पुठ्ठ्यावर उतरून घेणें, घड्या कोठें येतील तें आंखणें, पुठ्ठा जागेवर बसवून पाहणें, हें सर्व कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून मीं वर्षानुवर्षें करवून घेतलें होतें. पुठ्ठा बरोबर बसला, कीं त्याप्रमाणें पत्रा कापावयाचा.

वेल्डिंग जांवयांनीं केलें. त्यासाठीं त्यांनीं पंधरा दिवस भंगार पत्र्यावर हात बसविला होता. तरीही पहिल्याच तुकड्याला घाई झाली. त्यांनीं तीन-चार इंचांची सलग रेघ ओढली, आणि उष्णतेनें पत्रा तव्यावरच्या पापडाप्रमाणें उचलला. तो कापून टाकून दुसरा केला. या खेपेस एक ठिपका या टोकास, दुसरा त्या टोकास, मध्यंतरीं पत्रा निवूं द्यावयाचा, असे ठिपके जोडीत जोडीत रेघ पुरी केली. डाव्या बाजूचा उंबरठा होण्यास पांच आठवडे लागले.

कोणी हें काम घरीं करूं म्हणेल, तर त्यानें तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापविला तर त्याच्या धुरानें ताप भरतो. मुलामा अगोदर काढून टाकावा व जागा हवेशीर असावी. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तो कोरडा घांसून धूळ उडवूं नये, तोंडावर योग्य मुखवटा घालावा व मुलांस दूर ठेवावें. आणि हल्लींच्या कांहीं दुहेरी मिश्रणाच्या रंगांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात, त्यांच्या फवाऱ्यानें दमा जडूं शकतो. तसा रंग घरीं फवारूं नये, त्या धंद्यांतील माणसाकडे सोंपवावा.

आपण विचाराल, मग लांबी वाईटच काय? मुळींच नाहीं. सांधा घांसून सारखा केला, गंजप्रतिबंधक अस्तर दिलें, शिवणी बुजविल्या, म्हणजे त्या पक्क्या पत्र्यावर उरलेला उंचसखलपणा भरण्यासाठीं लांबीचा पातळ हात द्यावा. लांब लांकडी ठोकळ्याला काचकागद गुंडाळून ती घांसावी, आणि डोळ्यांपेक्षां तळहातावर अधिक विश्वास ठेवावा. शुद्धलेखनाची वही सुवाच्य असावी हें खरेंच. पण चुकीच्या शब्दावर सुंदर अक्षर काढल्यानें शब्द शुद्ध होत नाहीं.

ब्रिटनमध्यें मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मूळ घडणींत मोठा फेरफार न केलेल्या बहुतेक गाड्यांस वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाहीं. गाडी सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावरच आहे. म्हणजे माझ्या सल्ल्याप्रमाणें लांबी थापून आम्ही वेल्सला गेलों असतों, तर वाटेंत बहुधा कोणीही जाब विचारला नसता. जन्मभर परीक्षा घेण्यांत गेलेल्या मला, परीक्षक नसलेल्या परीक्षेची ही पहिलीच ओळख. आणि तींत मी पहिल्या दिवशीं नापास झालों होतों.

उन्हाळा अर्थात् बुडाला. सुटीच्या पहिल्या दिवशीं नात गाडीच्या उघड्या बरगड्यांकडे पाहून रडली, आणि तिच्या आईनेंही दोन दिवस आम्हां दोघांशीं मोजकेंच भाषण केलें. माझ्या परतीचा दिवस आला तेव्हां उजवी बाजू अद्याप उघडावयाची होती.

तें काम जांवयांनीं पुढें एकट्यानें पुरें केलें. रंग झाल्यावर त्यांनीं लांब नळीनें उंबरठ्यांच्या पोकळींत मेण फवारलें आणि पाणी निघून जाण्याचीं तळाशीं असलेलीं बारीक छिद्रें मोकळीं केलीं. हें काम गाडी पाहावयास येणाऱ्या कोणासही दिसणार नाहीं. परंतु गाडीचें पुढचें आयुष्य त्यावरच अवलंबून आहे.

आपणांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं असलें वाहन असेल. परंतु मुंबईच्या किंवा कोंकणच्या खाऱ्या हवेंत खिडकीचे गज, गच्चीवरची टांकी, जिन्याचा कठडा हीं प्रत्येकाच्या घरीं आहेत, आणि दिवाळीला त्यांवर रंगाचा हात फिरविण्याची आपली वहिवाटही आहे. यंदा रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं गजाचें बूड एकदां टोंचून पाहावें, एवढीच विनंती.

परवां नातीचा फोन आला. गाडी दारांत उभी होती, आणि नात चकती घेऊन दोन्ही उंबरठ्यांवरून फिरून आली होती. "आजोबा," ती म्हणाली, "आतां सगळीकडे चिकटते." वेल्सला कधीं जाणार, तें मीं विचारलें. ती म्हणाली, "तुम्ही आलांत कीं."