चेन वाढते म्हणजे काय?



आपल्यापैकी काहींची वर्कशॉप आहेत, काहींकडे मळणीयंत्रे आहेत. म्हणून रोलर चेनबद्दल दोन शब्द.

‘चेन वाढली’ असे आपण म्हणतो. खरे तर पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतल्या पिना आणि बुश झिजतात. एका सांध्यातली झीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बरेच सांधे एकत्र मोजावे लागतात.

आधी मशीन बंद करून मेन स्विच पाडा. चेन ताणून धरा आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून तेराव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. एक इंची पिचच्या नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर भरते. ३१४ च्या आसपास, म्हणजे ३ टक्के वाढ झाली, की चेन बदला. मोठ्या स्प्रॉकेटला ६७ पेक्षा जास्त दात असतील, तर त्याआधीच बदला. नुसती टाइट करून झीज भरून येत नाही. जुन्या चेनमध्ये नव्या कड्या जोडू नका. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे झाले असतील, तर तेही बदला.

चेन तुटते तेव्हा जवळ बहुधा मालक नसतो, कामगार असतो. नवी चेन बाजारात मिळते, बोटे मिळत नाहीत.