छापखाना चालू, पत्र बंद



वर्तमानपत्र बंद पाडायचं म्हटलं की छापखान्याला ठोकलेलं सील आणि संपादकाच्या हातातल्या बेड्या डोळ्यांपुढे येतात. हाँगकाँगच्या ‘ॲपल डेली’च्या वाट्याला बेड्या आल्याच, पण त्याचा जीव गेला तो बँकेत.

१७ जून २०२१ रोजी सकाळी सुमारे पाचशे पोलीस त्याच्या कचेरीत शिरले. मुख्य संपादकांसह पाच जणांना अटक झाली. मालक जिमी लाय आधीपासूनच तुरुंगात होते. चीनवर आणि हाँगकाँगवर निर्बंध घाला, असं परदेशांना सुचवणारे लेख छापले, हा आरोप. आणि कायदा, बीजिंगने वर्षभरापूर्वीच लादलेला राष्ट्रीय सुरक्षेचा. त्याच दिवशी पत्राशी संबंधित कंपन्यांचे १ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलर गोठवले गेले.

गंमत बघा, पत्रावर बंदी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी पाच लाख प्रती निघाल्या. वाचक पदरचे पैसे टाकून अंक घेत होते, पण ते पैसे जमा करायला खातंच मोकळं नव्हतं. मग पगार कुठून द्यायचे, कागदाचं बिल कुठून भागवायचं? आठवडाभरात, २४ जूनला, शेवटचा अंक आला. जेमतेम ७५ लाख वस्तीच्या शहरात त्याच्या दहा लाख प्रती छापल्या होत्या, आणि त्यासाठी मध्यरात्रीपासून रांगा लागल्या होत्या.

पैशाच्या वाटेने पत्राचा गळा आवळणं आपल्याला नवं नाही. १९१०च्या प्रेस ॲक्टखाली इंग्रज इथल्या छापखान्यांकडून जामिनाची रक्कम मागत. मजकूर खटकला की रक्कम जप्त! राजद्रोहाचं हत्यारही आपल्या ओळखीचं: ज्या कलमाखाली टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याचं भावंड इंग्रजांनी हाँगकाँगमध्येही ठेवलं होतं. इंग्रज गेले, कायदा राहिला. वसाहतवादाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या चिनी राज्यकर्त्यांना तो टाकून द्यावासा वाटला नाही, हे मला फार बोलकं वाटतं. ‘स्टँड न्यूज’ या तिथल्या ऑनलाइन वृत्तपत्राच्या दोन संपादकांना २०२४ साली याच कायद्याखाली दोषी ठरवण्यात आलं.

ते ‘स्टँड न्यूज’ २९ डिसेंबर २०२१ रोजी छापा पडला त्याच दिवशी बंद झालं होतं. चार दिवसांनी ‘सिटिझन न्यूज’ या दुसऱ्या ऑनलाइन पत्राने आपणही थांबत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे तर पोलीस आलेही नव्हते.