अपघातानंतर गाडी ताब्यात घेताना

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीनंतर एखादा उपयोगाचा विषय असावा असे मंडळाने ठरवले आणि मला गाडीच्या दुरुस्तीवर बोलायला सांगितले. मी रेल्वेत इंजिनिअर, शिक्षण डिप्लोमाचे. विम्याचा पंडित नव्हे. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या चार महिन्यांच्या नव्या गाडीला अपघात झाला आणि ती नीट करून घेण्यात दीड महिना गेला. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्यात कोणी रिफायनरीत आहे, कोणी बँकेत, कोणाचा व्यवसाय आहे, पण जी. टी. रोड आणि जानेवारीतले धुके यांतून कोणाचीच सुटका नाही.

प्रसंग थोडक्यात सांगतो. दिल्लीहून परतताना समालख्याजवळ धुक्यामुळे वाहने थांबली होती, आम्हीही थांबलो. मागून एका पिकअपने धडक दिली आणि आमची गाडी पुढच्या ट्रॉलीवर आदळली. गणरायाच्या कृपेने कोणाला खरचटलेही नाही. पण डिकी आत गेली, बॉनेट वर आले, रेडिएटर फुटला. नागपूरच्या मित्राने फोनवर विचारले, तर म्हटले, "अरे, पानिपतात राहून गाडीचेही पानिपत झाले!"

गाडी हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढले, विमा कंपनीला तिथूनच कळवले. हे आपण सगळेच करतो. खरी परीक्षा पुढे असते.

तीन आठवड्यांनी वर्कशॉपमधून फोन आला, गाडी तयार आहे. गेलो तर गाडी आरशासारखी चकचकीत. तिथल्या माणसाने एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलेले, दुरुस्तीने माझे पूर्ण समाधान झाले आहे. यालाच सॅटिस्फॅक्शन व्हाउचर म्हणतात. कॅशलेस क्लेममध्ये ही सही झाली की वर्कशॉपला कंपनीकडून पैसे मिळण्याचा मार्ग मोकळा होतो आणि आपल्या तक्रारीतला जोर कमी होतो.

आमच्या खात्यात वॅगन रुळावरून घसरली, तर ती पुन्हा रुळावर ठेवली की काम संपत नाही. ब्रॉडगेजवर एका आसावरच्या दोन चाकांमधले आतले अंतर 1600 मिलिमीटर असावे लागते. सूट किती? 2 मिलिमीटर जास्त किंवा 1 मिलिमीटर कमी. गेज लावून हे मोजल्याशिवाय वॅगन पुढे सोडत नाहीत. तिचा रंग कसा आहे, हे कोणी विचारत नाही.

त्याच सवयीने मी टेप काढला. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजले. ही अंतरे सारखी हवीत. डावीकडे 11 मिलिमीटर कमी भरले. याचा अर्थ पुढची डावी बाजू अजून मागे सरकलेलीच होती.

तो म्हणाला, "थम फिकर ना करो जी, हाईवे पे चलेगी तो सेट हो जागी."

सही न करता मी दोन गोष्टी लेखी मागितल्या. एक, व्हील अलाइनमेंटचा छापील कागद. दुसरी, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे बॉडीची मापे. तेव्हा उघड झाले की चेसिसची डावी दांडी गॅसवर तापवून सरळ केली होती आणि वरून रंग मारला होता. आजच्या गाड्यांत या दांड्या बहुधा उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात. धडकेत ठरलेल्या रीतीने चुरगळून धक्का शोषणे हेच त्यांचे काम. तापवल्याने त्या पोलादाची ताकद जाते. नंतर पुन्हा धडक बसली तर ती दांडी कशी वाकेल याचा भरवसा नाही. आईला दर महिन्याला याच गाडीतून दिल्लीला दवाखान्यात न्यायचे असते. मग 'चालेल' म्हणून कसे भागेल?

वर्कशॉपला पुरवणी एस्टिमेट द्यायला लावले. सर्व्हेअर पुन्हा आले, त्यांनी दांडी पाहून बदलायला मंजुरी दिली. गाडी बेंचवर चढली. आणखी 18 दिवस गेले. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा फरक 2 मिलिमीटर होता. मग सही केली.

आता आपल्यासाठी चार गोष्टी.

पहिली, नवी गाडी म्हणून सगळा खर्च मिळतो असे नाही. साध्या पॉलिसीत पहिल्या सहा महिन्यांत धातूच्या भागांवर घसारा नसतो, पण रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के कापले जातात. बंपर प्लॅस्टिकचाच असतो. म्हणून नव्या गाडीला झीरो डेप्रिसिएशनची जोड घ्यावी.

दुसरी, सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी गाडी उघडू देऊ नये. उघडल्यावर आतले नुकसान दिसले तर पुरवणी मंजुरी घ्यावी.

तिसरी, बदललेल्या भागांची बिले पार्ट नंबरसह घ्यावीत, जुने भाग डोळ्यांनी पाहावेत. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. दारांच्या फटी सारख्या हव्यात. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते चालवून पाहावे.

चौथी, दाद मागायला जागा आहे. विमा कंपनीकडे आधी लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. पानिपतसाठी ते कार्यालय चंदीगडला आहे आणि तिथे फी नाही. वर्कशॉपविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे.

यात भांडण काहीच नाही. वर्कशॉपमध्येही चांगले कारागीर होते; बेंचवर ज्याने दांडी बसवली त्याचे काम बघून मी मनापासून शाबासकी दिली. पण माप मागणारा गिऱ्हाईक असेल तरच त्या कारागिराला आपले कसब दाखवता येते. कोणाची गाडी कधी अडली आणि टेप धरायला माणूस हवा असला, तर मला बोलवा. संकोच करू नका.

 गणपती बाप्पा मोरया!