आधी तू, पण आळीपाळीनं

आजचा विषय लग्नाचा. माझ्या लग्नाला तीनच वर्षं झालीत, त्यामुळे उपदेश वगैरे नाही. डोक्यात घोळणारी एक गोष्ट फक्त तुमच्यासमोर मांडतो.

"संसार टिकवायचा तर जोडीदाराला आधी ठेवा," असं प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतंच. बरोबरच आहे. पण पाळतं कोण? केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७. त्यातही घरकाम करणारे पुरुष साधारण चारात एक! म्हणजे 'आधी तू' हे बहुतेक घरांत एकच माणूस म्हणतंय.

सुनीताबाई आणि पु. ल. देशपांडे यांचं लग्न झालं १२ जून १९४६ला, आणि पु. ल. गेले १२ जून २०००ला. बरोब्बर ५४ वर्षं! पुलंच्या कामामागचा व्यवहार आणि शिस्त सुनीताबाईंनी सांभाळली. तरी १९९०मध्ये आलेल्या 'आहे मनोहर तरी'मध्ये त्यांनी संसारातल्या तक्रारीही रोखठोक लिहिल्या. मला त्यातून एवढंच कळलं, की प्रेम असलं तरी देणाऱ्याच्या मनात नोंद होतच असते. समोरच्यानं ती विचारायला हवी.

आता आमच्या घरातलं सांगतो. माझी बायको वकील आहे आणि सध्या दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. मला सहा महिन्यांची ऑनसाइटची संधी आली, नेमकी तिच्या मुख्य परीक्षेच्या काळात. मी नाही म्हटलं. ते सोपं होतं. अवघड काम पुढे आहे. तिची परीक्षा निघाली नाही, तरी "तुझ्यासाठी सोडलं" हे वाक्य कधीच तोंडातून निघू द्यायचं नाही. एकदा जरी म्हटलं, तरी दिलेलं उसनं ठरतं, आणि ती जन्मभर हप्ते फेडत बसणार.

आमच्या टीममध्ये ऑन-कॉलची पाळी असते. एक जण रात्री जागा राहतो म्हणून बाकीचे झोपतात, पुढच्या आठवड्यात दुसरा. एकाच माणसाला वर्षभर कुणी ऑन-कॉल ठेवत नाही. घरात मात्र सर्रास ठेवतो! सध्या आमच्याकडे पाळी माझी. डबा, गॅसचा नंबर लावणं, आईच्या बीपीच्या गोळ्या. आणि "काय करू, सांग" असं विचारायचं नाही, कारण मग लक्षात ठेवायचं काम तिच्याकडेच राहतं. पुढे कधी माझी गरज असेल, तेव्हा पाळी तिची.

तर आज जेवताना एकमेकांना विचारा, "आपल्या घरात सध्या ऑन-कॉल कोण, आणि कधीपासून?" उत्तर "पहिल्यापासून" असं आलं, तर पाळी बदलायला उशीर झालाय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!