उष्ण देशांतील गव्हाणी व कापसाचें हिम

(महोत्सवानिमित्त पालक व बालक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



नाताळ जवळ आला कीं आपल्या सणसरच्या घरांतून मुलें कापूस पिंजावयास बसतात. गव्हाणीचें छप्पर पांढरें होतें, उंटाच्या पाठीसही कापूस चिकटतो. आणि बाहेर दुपारीं अंगांतील सदरा नकोसा वाटावा असें ऊन असतें. कांहीं वडील मंडळी विचारतात कीं, हें परक्यांचें अनुकरण कशासाठीं? मुलांचा प्रश्न अधिक अवघड असतो: “फादर, बर्फाचा गोळा हातांत विरघळतो, मग बाळ येशूच्या गोठ्यावरचा बर्फ कां विरघळत नाहीं?” दोघांसही उत्तर देणें अवश्य आहे.

आपल्या पुणें धर्मप्रांतांत जर्मनी व स्वित्झर्लंड येथील येशूसंघीय धर्मगुरूंनीं दीर्घकाळ सेवा केली. 1903 सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे व 1907 सालीं पुण्याचे बिशप झालेले हेन्री डोरिंग हे त्यांपैकींच. त्यांच्या मायदेशीं नाताळ म्हणजे हिम. तिकडून येणाऱ्या चित्रांतला पांढरा गोठाच आपल्या डोळ्यांत ठसला असावा, असें मला वाटतें. परंतु 1223 सालीं संत फ्रान्सिस असीसीकर यांनीं इटलींतील ग्रेचो गांवीं गव्हाणी मांडली, तेव्हां त्यांनीं वाळलेलें गवत, एक बैल व एक गाढव एवढेंच आणविलें. जें त्या गांवीं होतें, तेंच.

मग कापूस फेकून द्यावा काय? माझें मत तसें नाहीं. बेथलेहेम सुमारें अडीच हजार फूट उंचीवर आहे, व तेथें एखाद्या हिवाळ्यांत हिम पडतेंही. 147 व्या स्तोत्राचा कर्ता तर हिमाला लोकरीचीच उपमा देतो. कापूस पसरणाऱ्या आपल्या मुलांची कल्पना त्याच जातीची आहे. रोम शहरांत 5 ऑगस्ट रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, सांता मारिया माज्जोरे या महामंदिराच्या छतांतून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव करितात. चवथ्या शतकांत तेथील टेकडीवर ऑगस्टांत हिम पडलें, अशी आख्यायिका आहे, तिची ही आठवण. आणि गोव्यांत राय येथील चर्च त्याच हिममातेच्या नांवाचें असून, तेथें त्या सणास भाताचीं नवीं कणसें आशीर्वादित होतात! हिमाचा सण उष्ण देशांत आला आणि कणसांचा झाला. हें मला फार मोलाचें वाटतें.

म्हणून मुलांना खोटें हिम खुशाल करूं द्या. मात्र खरें हिम काय असतें तेंही सांगा. हिम म्हणजे कारखान्यांत गोठविलेली लादी नव्हे. ढगांतील वाफ गोठून त्याचे स्फटिक बनतात आणि त्यांना सहा बाजू असतात. सहाच कां, या प्रश्नावर केप्लर या ज्योतिर्विदानें 1611 सालीं एक छोटें पुस्तकच लिहिलें. आपलीं मुलें कागद चौघडी करून कातरतात, त्यामुळें चार किंवा आठ टोकें निघतात. त्याऐवजीं गोल कागद अर्धा दुमडावा, त्या अर्ध्याच्या तीन सारख्या घड्या घालाव्या, ती घडी मधोमध पुन्हां दुमडावी व मग कातरावें. उलगडल्यावर सहा टोकांचें हिमपुष्प दिसेल. कोणाचें बिघडलें तर रागावूं नका, कागद पुष्कळ आहेत.

कापसाजवळ मेणबत्ती लावूं नका. एके काळीं पाश्चात्त्य देशांत, कापूस पेटतो म्हणून, ॲस्बेस्टॉसचे तंतू नाताळचें हिम म्हणून विकीत. तेच तंतू फुप्फुसांस घातक ठरले. विजेची माळही कापसांत पुरूं नये, ती बाहेरून सोडावी.

आणि शेवटीं, आपल्या शिवारांतील हिमाकडे पाहा. याच दिवसांत कालव्याकांठच्या उसाला रुपेरी तुरे येतात. शेतकऱ्याला ते आवडत नाहींत, कारण तुरा आला कीं उसाची वाढ थांबते व पुढें कांडें पोकळ पडूं लागतें. पण गोठ्याच्या छपरावर त्याहून शोभिवंत कांहीं नाहीं. तोही चटकन् पेटतो, एवढें ध्यानांत असावें. यंदा रविवारीं प्रत्येक मुलानें एक तुरा आणावा. मात्र मालकास विचारल्याविना उसांत शिरूं नका. तुरा काढल्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं, परंतु वीस मुलें आंत धांवलीं कीं सऱ्या मोडतात, आणि मग तो मालक माझ्याकडे येतो.